कायदा कोठे जन्मतो?

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थी यांच्यापुढे केलेले भाषण. स्मरणिकेच्या वाचकांसाठी थोड्या विस्ताराने लिहून दिले आहे.)



मला विषय देण्यात आला तो 'अमेरिकेची राज्यव्यवस्था आणि तेथील धोरण कसे ठरते' असा. विषय मोठा आणि दूरचा. साताऱ्या-सांगलीकडच्या मास्तराने वॉशिंग्टनविषयी काय सांगावे, असे प्रथम वाटले. पण जरा विचार केल्यावर ध्यानात आले की, त्या दूरच्या राजधानीतला एक कायदा एके काळी आपल्या रेशनच्या दुकानापर्यंत येऊन पोचला होता; आणि आपल्या तासगाव तालुक्यातला एक विचार पुढे दिल्लीच्या संसदेपर्यंत जाऊन पोचला. या दोन प्रवासांची हकीगत सांगितली म्हणजे विषय आपोआप समजेल. म्हणून आज तेवढेच करणार आहे.

त्याआधी एक घरची गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी फळांचा गाडा लावणारे एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन माझ्याकडे आले. मुलगी बारावीला चांगल्या गुणांनी पास झालेली. पुढच्या प्रवेशासाठी जातीचा दाखला हवा होता आणि तो मिळत नव्हता. ते म्हणाले, "गुरुजी, सरकारच्या मनातच नाही आमच्या मुलांनी शिकावं." मी कागद पाहिले. सरकारच्या मनात काय आहे हे कागदावर स्पष्ट होते. बागवान, तांबोळी, अत्तार, मोमीन अशा आपल्या कित्येक व्यवसायी जमातींचा महाराष्ट्राच्या इतर मागासवर्गीयांच्या यादीत समावेश झालेला आहे. अडचण वेगळीच होती. दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, आणि या मुलीच्या आजोबांच्या शाळेच्या नोंदीत जातीच्या रकान्यात नुसते 'मुसलमान' एवढेच लिहिले होते. आम्ही शोध घेतला. आजोबांच्या सख्ख्या भावाची नोंद दुसऱ्या गावच्या शाळेत सापडली, तीत 'बागवान' असा स्पष्ट शब्द होता. पण तोपर्यंत मुदत निघून गेली होती. त्या वर्षीची सवलत त्या मुलीला मिळाली नाही.

त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्या मनात घर करून आहे. निर्णय आपल्या बाजूचा असूनही त्याचा लाभ आपल्या हातून का निसटतो? माझे उत्तर असे की, आपण सरकारला फक्त खिडकीवर ओळखतो. निर्णय मात्र खिडकीवर होत नाही. तो फार आधी, फार लांब, पुष्कळ हातांतून होतो. तो रस्ता ज्याला माहीत नाही, त्याला खिडकीवरचा कारकून म्हणजेच सरकार वाटते.

आणि गंमत पाहा. त्या रस्त्यावरचे शब्द आपल्याला परके नाहीत. सरकार, अर्ज, दाखला, तहसीलदार, जिल्हा, तालुका, हुकूम, मंजूर, हक्क, कायदा, वकील, दप्तर हे सारे शब्द फारसी-अरबीतून मराठीत आले आणि पक्के मराठी होऊन बसले. आपल्या घरातली बुजुर्ग मंडळी हे शब्द रोज उच्चारतात. शब्द आपल्या घरचे आणि कचेरीची पायरी चढताना मात्र छातीत धडधड, असे का व्हावे?

आता पहिला प्रवास. ज्यांचे वय साठ-पासष्टच्या पुढे आहे, त्यांना 'पीएल ४८०'चा गहू आठवत असेल. हे नाव पुष्कळांनी ऐकले, पण त्याचा अर्थ कोणी सांगितला नाही. पीएल म्हणजे पब्लिक लॉ, सार्वजनिक कायदा. अमेरिकेच्या ८३ व्या काँग्रेसने केलेला ४८० वा सार्वजनिक कायदा, एवढाच त्याचा अर्थ. काँग्रेस हे तिथल्या कायदेमंडळाचे नाव आहे, पक्षाचे नव्हे. १९५४ च्या जुलै महिन्यात राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांनी त्यावर सही केली. अमेरिकेच्या शेतकऱ्यांकडे धान्याचे ढीग पडले होते आणि भाव कोसळण्याची धास्ती होती. शेतीभागातून निवडून आलेल्या प्रतिनिधींनी आपले दुखणे कायदेमंडळात मांडले आणि त्यातून तोडगा निघाला: जादा धान्य गरजू देशांना सवलतीने द्यावे. भारताला त्या धान्याची किंमत बरीचशी रुपयांत चुकवता आली. म्हणजे कायदा मुळात झाला तो तिथल्या शेतकऱ्यासाठी. त्याचा गहू मात्र आपल्या पिशवीत आला.

हा कायदा घडला कसा, ते पाहिले की अमेरिकेची व्यवस्था समजते. तिथे सत्ता तीन ठिकाणी वाटलेली आहे. कायदा करते काँग्रेस. तिची दोन सभागृहे आहेत. प्रतिनिधिगृहात ४३५ सभासद असतात, लोकसंख्येच्या प्रमाणात. सेनेटमध्ये १०० सभासद, प्रत्येक राज्याचे दोन, मग ते राज्य लहान असो की मोठे. विधेयक आधी समितीपुढे जाते. तिथे जाणकारांच्या, व्यापाऱ्यांच्या, शेतकऱ्यांच्या, विरोधकांच्या साक्षी होतात. बहुतेक विधेयके या समितीतच राहून जातात. जे तगते ते दोन्ही सभागृहांत एकाच रूपात मंजूर व्हावे लागते. मग ते राष्ट्राध्यक्षांकडे जाते. त्यांनी सही केली की कायदा. त्यांनी नाकारले, तर दोन्ही सभागृहांना दोन-तृतीयांश मतांनी तो नकार बाजूला सारता येतो. आणि झालेला कायदा घटनेशी विसंगत असेल, तर न्यायालय तो रद्द ठरवू शकते. हा अधिकार तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १८०३ साली एका खटल्यात प्रस्थापित केला.

पण कायदा झाला म्हणजे सारे झाले असे नाही. १९६५-६६ साली आपल्याकडे पाऊस रुसला. त्या वेळी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी भारताकडे येणारा गहू एकदम न सोडता थोड्या थोड्या मुदतीचाच सोडण्याचे धोरण ठेवले. भारताने आपले शेतीधोरण बदलावे, असा त्यांचा आग्रह होता. कायदा तोच होता. त्याची अंमलबजावणी ज्याच्या हाती, त्याचे मन मात्र वेगळे होते. विद्यार्थी मित्रांनो, हे लक्षात ठेवा. कायदा करणारा एक आणि राबवणारा दुसरा. दोघांवरही नजर ठेवावी लागते.

आपली व्यवस्था याहून थोडी निराळी आहे. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष हा कायदेमंडळाचा सभासद नसतो. आपल्याकडे मुख्यमंत्री आणि मंत्री विधिमंडळाचे सभासद असावे लागतात. कोणी नसेल तर सहा महिन्यांत निवडून यावे लागते. विधानसभेचा विश्वास गेला की मंत्रिमंडळ जाते. महाराष्ट्राच्या विधानसभेत २८८ जागा आहेत. त्यांतल्या आठ सातारा जिल्ह्यातल्या आणि आठ सांगली जिल्ह्यातल्या. दुसरे सभागृह विधान परिषद, ७८ सभासदांची. तिथे शिक्षकांचे, पदवीधरांचे, स्थानिक संस्थांचेही प्रतिनिधी असतात. या परिषदेकडे लोकांचे लक्ष कमी असते. पण आपला दुसरा प्रवास तिथल्याच एका माणसापासून सुरू होतो.

वि. स. पागे हे आपल्या सांगली जिल्ह्याचे. १९६० पासून १९७८ पर्यंत ते विधान परिषदेचे सभापती होते. सभापती हा मंत्री नसतो. त्याच्या हाती खाते नसते, तिजोरी नसते. तरीही एक साधा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. खेड्यातल्या ज्या माणसाची अंगमेहनत करायची तयारी आहे, त्याला काम का मिळू नये? त्यांनी विचार कागदावर उतरवला, मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्यापुढे ठेवला आणि तासगाव तालुक्यातल्या काही गावांत त्याचा प्रयोग झाला. ही साठीच्या दशकातली गोष्ट.

पुढे १९७२ साली राज्याने ही योजना स्वीकारली. नेमका त्याच वेळी मोठा दुष्काळ पडला. माण, खटाव, आटपाडी, जत या भागांतल्या वडीलधाऱ्यांना विचारा. ते खडी फोडण्याची कामे, पाझर तलाव, नालाबंडिंग आणि मिलोच्या लाल भाकरीच्या आठवणी सांगतील. दुष्काळी कामांवर लक्षावधी माणसे आली. त्या गर्दीत नवी योजना काही काळ मागे पडली, पण एक गोष्ट सर्वांना डोळ्यांनी दिसली: काम मागणारा माणूस आळशी नसतो, त्याला काम दिले तर तो ते करतो आणि त्यातून गावाला रस्ता आणि तलाव मिळतो. दुष्काळ ओसरल्यावर योजना पुन्हा उभी राहिली.

आता पैशाचा प्रश्न आला. धोरण म्हणजे नुसती सदिच्छा नव्हे. त्यासाठी पैसा लागतो. १९७५ साली राज्याने व्यवसाय कराचा कायदा केला, तो रोजगार हमीला पैसा मिळावा म्हणून. शहरातल्या नोकरदाराने आणि व्यापाऱ्याने थोडे द्यावे, त्यातून खेड्यातल्या मजुराला काम मिळावे, असा तो हिशेब. आपल्यापैकी जे पगारदार आहेत, त्यांच्या पगारपत्रकात महिन्याला दोनशे रुपयांची जी कपात दिसते, ती याच कराची. या कराला घटनेने वर्षाला २,५०० रुपयांची मर्यादा घातली आहे. दर महिन्याला ती कपात पाहताना कितीजणांना तासगाव आठवते?

१९७७ साली रोजगार हमीचे विधेयक आले. त्याच वर्षी मे महिन्यात सांगलीचेच वसंतदादा पाटील मुख्यमंत्री झाले होते. दोन्ही सभागृहांनी विधेयक एकमताने मंजूर केले. १९७८ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि २६ जानेवारी १९७९ पासून कायदा अंमलात आला.

विद्यार्थ्यांनी आता बोटांवर मोजावे. पहिले बोट, गरज कोणीतरी ओळखली आणि लिहून मांडली. दुसरे, लहान प्रमाणात प्रयोग झाला. तिसरे, सरकारने योजना म्हणून ती स्वीकारली. चौथे, पैशाची सोय झाली. पाचवे, विधिमंडळाने कायदा केला. यापुढे नियम, अर्जाचे नमुने, कचेरी आणि खिडकी. पहिल्या प्रयोगापासून कायदा अंमलात येईपर्यंत दहा वर्षांहून अधिक काळ गेला. मुख्यमंत्री बदलले, पक्षांची गणिते बदलली, तरी काम चालू राहिले. कारण ते एका माणसाच्या मर्जीवर उभे नव्हते.

इथे कोणी विचारील, योजना होतीच की, मग कायदा कशाला? फरक मोठा आहे. योजना सरकार एका आदेशाने सुरू करते आणि दुसऱ्या आदेशाने थांबवू शकते. कायद्याने मात्र हक्क निर्माण होतो. या कायद्यात असे लिहिले गेले की, ग्रामीण भागातल्या प्रौढ माणसाने अंगमेहनतीच्या कामाची मागणी केली, तर पंधरा दिवसांत काम द्यायचे. देता आले नाही, तर बेकारभत्ता द्यायचा. तो भत्ता आरंभी दिवसाला निदान एक रुपया होता. रुपया लहान होता. पण त्या रुपयामागे राज्याने लेखी कबूल केलेले होते की, काम न देणे ही आमची चूक आहे.

कामाचे दरही पुरुषाला एक आणि बाईला एक असे ठेवले नव्हते. जेवढे काम, तेवढी मजुरी. या कामांवर स्त्रिया मोठ्या संख्येने आल्या, त्याचे हेही एक कारण होते.

पण पालकहो, त्या पंधरा दिवसांचा हिशेब कोठून सुरू होत असे? अर्ज दिल्याच्या तारखेपासून. आणि तारखेचा पुरावा कोणता? पोच. ज्याने तोंडी काम मागितले, त्याचे पंधरा दिवस कधी सुरूच झाले नाहीत. सर्वांत गरीब आणि निरक्षर माणसापाशीच पोच नसे. म्हणून तालीम हवी, असे मी म्हणतो. तालीम फक्त नोकरीसाठी नाही. आपल्या अर्जावर तारीख घालून पोच मागण्यासाठीही ती हवी.

तासगावचा विचार पुढे किती दूर गेला, तेही सांगतो. संसदेने २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा केला आणि फेब्रुवारी २००६ मध्ये दोनशे जिल्ह्यांत त्याची सुरुवात झाली. ग्रामीण कुटुंबाला वर्षाला शंभर दिवस कामाची हमी त्यात होती. त्यामागे महाराष्ट्राचा सुमारे तीन दशकांचा अनुभव होता. अमेरिकेतही असेच घडले आहे. तिथे विस्कॉन्सिन नावाचे एक राज्य आहे. बेकार कामगाराला भत्ता देण्याचा कायदा त्याने १९३२ साली केला आणि १९३५ मध्ये राष्ट्राध्यक्ष रुझवेल्ट यांच्या काळात सामाजिक सुरक्षा कायद्याने ती कल्पना देशभर नेली. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचे एक न्यायमूर्ती, ब्रँडाइस, यांनी १९३२ मध्येच राज्यांना प्रयोगशाळेची उपमा दिली होती. एका राज्याने धाडस करून पाहावे, साधले तर देशाने घ्यावे. संघराज्याचा हा मोठा फायदा आहे, तिथेही आणि इथेही.

मात्र एकदा झालेला कायदा कायमचा, असे समजून झोपी जाऊ नये. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या त्या कायद्याऐवजी नवा कायदा मंजूर केला. त्यात दिवस १२५ केले आणि खर्चाचा पूर्वीपेक्षा मोठा वाटा राज्यांवर टाकला. तो बरा की वाईट, यावर मते वेगवेगळी आहेत. तुम्ही वाचून आपले मत बनवा. मला एवढेच दाखवायचे आहे की, ज्या रस्त्याने कायदा येतो, त्याच रस्त्याने तो बदलतोही. रस्त्यावर जे हजर असतात, त्यांचे ऐकले जाते.

आता पुन्हा त्या मुलीकडे येतो. तिची हकीगत सांगताना मी कोणाही कचेरीला दोष दिला नाही. दोष थोडा आपलाही आहे. तिच्या आजोबांना शाळेत घातले, तेव्हा रकान्यात काय लिहिले जाते ते कोणी वाचले नाही. यादी तयार होत असताना, त्यासाठी आपल्यातलेच काहीजण मुंबईला खेटे घालत असताना, मोहल्ल्यात त्याची चर्चा नव्हती. मुदतीची जाहिरात वर्तमानपत्रात आली तेव्हाही नव्हती. आम्ही जागे झालो ते खिडकीवर.

म्हणून काही साध्या गोष्टी सुचवतो. पालकांनी मुलाला पहिलीत घालताना दाखलखारिज रजिस्टरात काय लिहिले गेले ते स्वतः वाचावे. वाचता येत नसेल तर दुसऱ्याकडून वाचून घ्यावे. शाळा सुटल्यावर ती नोंद दुरुस्त करणे फार अवघड जाते. घरातल्या आजोबांचे, त्यांच्या भावांचे शाळेचे दाखले, जन्ममृत्यूचे उतारे, जमिनीचे कागद एका फाइलमध्ये एकत्र ठेवावेत. दाखल्याचे काम मुलगी बारावीला गेल्यावर नव्हे, आठवी-नववीतच सुरू करावे. अर्ज केला की पोच घ्यावी. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. अधिसूचित केलेल्या सेवांसाठी किती दिवसांत काम व्हायला हवे ते ठरवून दिलेले असते आणि न झाल्यास अपील करता येते. काय घडले ते कळत नसेल, तर २००५ चा माहितीचा अधिकार आहे. गावात राहणाऱ्यांनी ग्रामसभेला जावे, आणि बायकांनाही बरोबर न्यावे.

विद्यार्थ्यांना माझे वेगळे सांगणे आहे. नागरिकशास्त्र हा कमी गुणांचा विषय म्हणून बाजूला टाकू नका. आपल्या आमदारांनी मागच्या अधिवेशनात कोणते प्रश्न विचारले, ते शोधून काढा. जिल्हा परिषदेची आणि पंचायत समितीची इमारत आतून पाहून या. एखादे विधेयक मिळवून त्याचे पहिले पान तरी वाचा. सुट्टीत मोहल्ल्यातल्या पाच घरांचे कागद तपासून द्या. तुमच्यापैकी कोणी वकील होईल, कोणी अधिकारी, कोणी आमदारही होईल. पण जो काहीच होणार नाही, त्यालाही हा रस्ता माहीत हवा.

शेवटी एक सांगायचे राहिले. त्या मुलीला धाकटा भाऊ होता. तिने स्वतः बसून वंशावळ लिहिली, चुलत-आजोबांच्या शाळेचा उतारा आणला, अर्जावर तारीख घालून पोच घेतली आणि भावाचा दाखला तो दहावीत असतानाच काढून ठेवला. भाऊ वेळेवर पुढच्या शिक्षणाला गेला. तिच्या हातून गेलेले वर्ष तिने आपल्या घरातल्या दुसऱ्याला मिळवून दिले. आज शेजारच्या बायका कागद घेऊन तिच्याकडे जातात. तासगावच्या प्रयोगालाही अशाच एका लहानशा भागात सुरुवात झाली होती, हे आपण विसरू नये.



खुदा हाफिज. जय हिंद.